फिती बांधलेले कांदे

चरीच्या तोंडाशी गाळ साचला होता, म्हणून मी खोरं घेऊन गेले. शाळेच्या पार्किंगमधलं पावसाचं पाणी सिमेंटच्या कडेला ठेवलेल्या खाचेतून या चरीत उतरतं, लव्हाळ्यातून आणि मातीतून झिरपतं आणि बऱ्यापैकी स्वच्छ होऊन मागच्या ओढ्याला मिळतं. खाच तुंबली की पाणी उलटं फिरतं आणि बालवाडीच्या दारात तळं होतं. मग मिसेस डॅनफोर्थ, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला फोन करतात आणि ते तळं मीच बादलीने आणून ओतल्यासारखं माझं नाव घेतात.

अशा चरी सांभाळणं हे माझं काम, आणि आठवडाभर मी दुसऱ्या शाळेच्या चरीत अडकले होते. इथली खाच मोकळी करून मी मान वर केली, तर चरीच्या मधोमध खड्डेच खड्डे. घुशींनी उकरलेले नाहीत, खुरप्याने नीट काढलेले. आणि खड्ड्यांशेजारी चिखलात माझ्या गुलाबी फिती पडलेल्या.

मी एक फीत उचलून पुसली.

त्या फिती मी फुलांच्या दिवसांत बांधल्या होत्या. ही चर मी आणि माझ्या यूलामावशीने मिळून लावली. नव्या रस्त्याखाली एक जुनं कुरण जाणार होतं, तिथले कॅमसचे कांदे आम्ही पोत्यांनी उचलून आणले. कॅमस निळा फुलतो. त्याचा कांदा भाजून खातात. आमच्या कलापुया जमातीच्या आज्या-पणज्या त्याच्यावर हिवाळे काढायच्या. पण त्याच कुरणात त्याचा एक सोयराही उगवतो, पांढऱ्या फुलांचा. तो मरणकांदा. फूल आहे तोवर शेंबडं पोरही दोघांना वेगळं ओळखेल. फूल गळून पान वाळलं की खाली उरतो तो कांदा, आणि कांदा दोघांचा सारखाच. भाजला तरी त्याचं विष जात नाही.

मग पांढरं फूल दिसलं की तिथल्या तिथे उपटायला काय झालं, असं कुणीही म्हणेल. पण त्या दिवसांत चरीची माती ओली असते. आत पाय टाकला की ती दबते, घट्ट होते आणि पाणी जिरायचं थांबतं. म्हणून मी काठावर फळी टाकून, पोटावर पडून, पांढऱ्या फुलाच्या दांड्याला फीत बांधते आणि माती सुकली की खणून काढते. यंदा जून लागला तरी पाऊस हटला नव्हता. त्यामुळे ते राहून गेले होते.

आणि आज जेवण होतं. नदीकाठी मावशीच्या जागेवर चौथीचा अख्खा वर्ग, मुलांचे आईबाप, आमच्यातले म्हातारे आणि म्हाताऱ्या, सगळे कॅमस खायला जमणार होते. जमिनीतली भट्टी परवा लावलेली, आज उघडायची होती. पहिली बस निघून गेलीसुद्धा होती.

खोरं तिथंच टाकून मी धावत सुटले.

चौथीचा मास्तर ग्रॅहम व्हिटलॉक दारात दुसऱ्या बसची वाट बघत उभा होता. हातात मुलांनी रंगवलेला फलक, अंगात इस्त्रीचा शर्ट. माणूस भला आहे, आणि भल्या माणसांची मला तेवढ्यासाठीच भीती वाटते.

"चरीतले कांदे कुणी काढले?"

त्याचा चेहरा असा उजळला की माझा उरलासुरला धीर सुटला.

"ओळखलंस होय! तुला आज सांगणारच होतो. तुझ्या मावशीचं पोतं अर्धंच भरलं होतं गं. इतकी माणसं जेवायला, आणि त्या एकट्या किती खणणार? म्हटलं आपल्या शाळेतलेही घालू. मुलांनी पाणी घालून वाढवलेले..."

"फिती बांधलेले काढलेस?"

"तेच तर काढले! तूच म्हणाली होतीस ना, फीत असेल त्याला कुणी हात लावायचा नाही, ते माझे. म्हटलं, हे खास राखून ठेवलेले दिसतायत."

हे मी खरंच म्हणाले होते. वर्षातून एकदा पालक चरीतलं तण काढायला येतात. एकदा एका उत्साही आईने तण सोडून माझा लव्हाळाच उपटून ढीग घातला. तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, फीत दिसली की हात मागे. कारण सांगत बसत नाही. शाळेच्या आवारात विषारी कांदा आहे असं म्हटलं असतं, तर मिसेस डॅनफोर्थनी त्याच संध्याकाळी चर बुजवून वर हिरवळ अंथरली असती.

"ग्रॅहम, ते मरणकांदे होते."

त्याने फलक छातीशी धरला. मग म्हणाला, "पण मी खूप नाही घातले. दोन मुठी असतील."

"दोन मुठींत वर्ग झोपेल तुझा! कुणाच्या हातात दिलेस?"

"एल्रॉयच्या." एल्रॉय माझा मावसभाऊ, यूलामावशीचा धाकटा. "मावशी भट्टीत पानं रचत होत्या, मध्येच बोलणं बरं दिसलं नसतं. त्याला म्हटलं, गुपचूप घालून टाक, मावशींना उगाच संकोच नको."

मावशी जवळ फोन बाळगत नाही. एल्रॉयचा नदीकाठी लागत नाही. मिसेस डॅनफोर्थचा वाजून वाजून थांबला. प्रार्थनेच्या वेळी फोन बंद ठेवा, असं त्यांनी स्वतःच सगळ्यांना बजावलं होतं. मी निरोप ठेवला, कुणाला काही खाऊ देऊ नका. मग अँब्युलन्सला लावला. पलीकडच्या बाईने विचारलं, त्रास कुणाला होतोय? म्हटलं, अजून माहीत नाही. ती म्हणाली, गाडी पाठवते, पण शहरातून यायला वेळ लागेल.

"गाडीत बस," मी ग्रॅहमला म्हटलं आणि पिकअप सुरू केली.

तो बसला. फलक अजून मांडीवरच. वळणावर आलो तर पुढे ओंडक्यांचा ट्रक, रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला ओढा. मी हॉर्नवरचा हात काढलाच नाही. ट्रकवाल्याने खिडकीतून हात बाहेर काढून मला काय दाखवलं ते इथे लिहीत नाही.

"तुमच्यात आधी वडीलधारी जेवतात ना?" ग्रॅहम म्हणाला. "मुलांच्या पानात यायला वेळ लागेल."

"हो का? म्हणजे आधी म्हातारे मरतील. बरं झालं, सांगितलंस."

"माझा तसा अर्थ नव्हता."

"आणि म्हाताऱ्यांच्याही आधी जिने रांधलं ती खाते. सगळ्यांत आधी मावशी खाते, ग्रॅहम. भट्टी उघडली की पहिला कांदा तिच्या तोंडात. ती बरा म्हणाली की मग बाकीच्यांना."

त्याने तोंडावर हात घेतला. मला त्याची दया यायला हवी होती. मला त्याला गाडीतून ढकलून द्यावंसं वाटत होतं.

"एक विचारू?" थोड्या वेळाने तो म्हणाला. "मावशींच्या लक्षात नाही येणार? त्या इतकी वर्षं..."

"सोललेला, भाजलेला कांदा कुणाच्याही लक्षात येणार नाही. आणि तिला आता दिसतं कुठे?"

डॉक्टरांनी हिवाळ्यातच सांगितलं होतं, डोळ्यामागचा पडदा झिजलाय, ऑपरेशनने काही होणार नाही. ती समोरच्याचा चेहरा बघायला मान तिरकी करते. ईस्टरच्या जेवणाला सगळ्या घराने तिला सांगितलं, यंदाचं शेवटचं, पुढच्या वर्षी तू खुर्चीत बस, खणणं आमच्यावर सोड. सगळ्यांत मोठ्याने मी सांगितलं. मावशीने हातातली बशी खाली ठेवली आणि म्हणाली, "माझे हात बघतात. डोळे कशाला लागतात?" त्यानंतर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. यंदाचे कांदे तिने एकटीने खणले, कुणाला सोबत येऊ दिलं नाही. मी मनात म्हटलं होतं, खणू दे, तिचा शेवटचा मान आहे. आणि आता त्याच जेवणात आमच्या मास्तरने विष कालवून ठेवलं होतं.

ट्रक एकदाचा लाकूड गिरणीकडे वळला. मी मातीच्या रस्त्यावर गाडी घातली.

दुरून सगळं ठीक दिसत होतं. ताडपत्रीखाली म्हातारी मंडळी रांगेने बसलेली, समोर रिकाम्या ताटल्या. माशाचे तुकडे विस्तवाकडेला लावलेले. मुलं गवतात लोळत होती, एकमेकांना ढकलत होती. कुणीतरी ढोलकं वाजवत होतं आणि मागची मंडळी गात होती. कुणाच्या ताटात काही दिसेना. मी एकेकाच्या तोंडाकडे बघत धावले, कुणी चघळतंय का.

मिसेस डॅनफोर्थनी मला वाटेतच गाठलं. "जोनेल, तू तरी तुझ्या मावशीला सांग. त्या टोपली सोडायलाच तयार नाहीत. एक गाणं झालं की म्हणतात आणखी एक होऊ दे. प्रथा असेल तर माझं काही म्हणणं नाही, पण मुलं भुकेनं कळवळलीयत."

"कुणी खाल्लं का?"

"खातील कसे? त्या वाढतायत कुठे?"

"कुणाला काही खाऊ देऊ नका. ग्रॅहम सांगेल," मी म्हटलं आणि पुढे गेले.

मावशी उघड्या भट्टीशेजारी खुर्चीवर बसली होती. मांडीवर टोपली, टोपलीवर फडकं, फडक्यावर दोन्ही हात. तान्ह्या पोराला धरावं तशी घट्ट धरलेली. फडक्याच्या कडेने कांदे दिसत होते, काकवीसारखे काळे, चकाकते. वास गोड होता.

मी तिच्या पायाशी बसले. "मावशी, तू खाल्लास?"

"खाल्ला की. न खाता वाढते होय मी?" तिची जीभ जड झाली होती. शब्द ओला येत होता.

"मावशी, टोपली दे मला."

"हात लावू नकोस."

"मावशी, ऐक. त्यात मरणकांदा आहे."

ती दचकेल, रागावेल, मला वेड्यात काढेल, असं मला वाटलं होतं. तिने मान तिरकी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "ओठ बधिर झालेत. मघापासून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आणि तू गाणी म्हणवून घेतेयस?"

"हळू बोल. एकही कुणाला दिलेला नाही. देणारही नाही. जरा उठता आलं की जाते नदीशी आणि टोपली सांडते. म्हातारी अडखळली म्हणतील. हसतील. हसू देत."

"आणि तुझं काय? तुझ्या पोटात गेलंय ते?"

"जाईल उलटून."

"उलटून जातं का ते? वेडी झालीस का तू? मेली असतीस इथं बसल्या बसल्या!"

"मग काय सांगू गं?" ती एकदम तोंड वाकडं करून म्हणाली, आणि तिच्या हनुवटीवरून लाळ ओघळली. तिला ती कळलीही नाही. "आयुष्यभर खणलं. आईबरोबर खणलं, तुझ्या आईला शिकवलं. आणि शेवटी स्वतःच्या हाताने पोरांना विष वाढायला बसले, असं सांगू? तुम्ही सगळे टपलेलेच आहात मला खुर्चीत बसवायला."

मी तरीही टोपलीची कड धरली. तेवढ्यात ग्रॅहम आला. तो आला कसला, धाडकन गुडघ्यांवर पडला, त्या इस्त्रीच्या शर्टासकट.

"मावशी, तुमची चूक नाही. ते मी आणले. शाळेच्या चरीतले. मला माहीत नव्हतं, मी एल्रॉयला दिले, तुम्हाला न सांगता. माझ्यामुळे झालं हे."

मावशीने त्याच्या आवाजाच्या दिशेने तोंड फिरवलं.

"तू घातलेस?"

"हो."

"विषारी होते?"

"हो. जोनेलने खूण करून ठेवले होते, मला कळलं नाही."

"म्हणजे माझ्या हातून नाही झालं?"

"नाही, मावशी."

ती रडायलाच लागली. रडता रडता हसत होती, आणि हात चाचपत त्याच्या गालावर थापट्या मारत होती. नातवंड झाल्याची बातमी घेऊन आल्यासारखं तिने त्याला कुरवाळलं. "देवा, किती घाबरले होते रे मी," ती म्हणत होती. "माझ्या हातून नाही. जोनेल, ऐकलंस का? माझ्या हातून नाही."

"ऐकलं," मी म्हटलं. मला त्याचा गळा धरायचा होता आणि ती त्याला आशीर्वाद देत होती.

मग ती माझ्या खांद्याला धरून उभी राहिली. ढोलकं थांबलं. "कॅमस कुणी खायचा नाही," ती मोठ्याने म्हणाली. "वाईट कांदा आत गेलाय. मी खणलेला नव्हे, बाहेरचा. मासा खा, पाव खा." एवढं बोलून ती वाकली आणि ओकली. तिच्या पायांतलं बळच गेलं.

आम्ही तिला घोंगडीवर आडवं केलं. म्हाताऱ्यांपैकी एकीने तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी मनगट धरून बसले. नाडी लागायची, मग लागायचीच नाही, आणि आता संपलं असं वाटेपर्यंत पुन्हा एक ठोका यायचा. मुलांना बसमध्ये नेऊन बसवलं होतं, खिडक्यांना सगळ्यांची नाकं लागलेली. मिसेस डॅनफोर्थ ग्रॅहमला बाजूला घेऊन बोलत होत्या. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द ऐकू येत होते. सोमवारपासून वर्गावर येऊ नका. मंडळासमोर उभं राहावं लागेल. मुलांच्या जिवाशी खेळ. आणि ती चर मी आधी बुजवणार आहे. ग्रॅहम प्रत्येक वाक्याला हो म्हणत होता.

अँब्युलन्स आली. तिला उचललं, दंडात सुई टोचली, तोंडावर नळी लावली. त्यांच्यातला एकजण म्हणाला, औषध आहे यावर, वेळेत मिळालं. दार लागेपर्यंत मावशी मला खुणेने सांगत होती, त्या मास्तरला ओरडू नका.

मिसेस डॅनफोर्थनी पाठवल्यामुळे एल्रॉय इतका वेळ वरच्या फाट्यावर अँब्युलन्सला वाट दाखवायला उभा होता. तो धापा टाकत खाली आला तेव्हा गाडी निघत होती. मी त्याच्यावरच तुटून पडले.

"तुला अक्कल आहे का? मास्तर काहीही आणून देईल, तू घालशील? आईला विचारायचं नाही?"

"काय घातलं मी?"

"ग्रॅहमने दिलेले कांदे!"

"ते?" एल्रॉय म्हणाला. "ते नाही घातले मी. आईने हाताळलेलं नाही ते तिच्या भट्टीत घातलं असतं तर तिने मला सोलला असता. ती पिशवी तशीच आहे, गाडीत मागे. मास्तरला वाईट नको वाटायला म्हणून बोललो नाही."

ग्रॅहमला घेऊन आम्ही तिघे एल्रॉयच्या गाडीशी गेलो. सुट्या टायरखाली शाळेची कापडी पिशवी होती. ग्रॅहमने ती उघडली. कांदे चिखलासकट तसेच्या तसे होते, एकाला माझी गुलाबी फीत अजून अडकलेली.

"एवढेच होते?" मी विचारलं.

"एवढेच."

म्हणजे भट्टीतलं विष मावशीनेच खणलेलं होतं. एल्रॉय टायरवर बसला आणि त्याने डोकं धरलं.

"हे राहू दे इथंच," ग्रॅहम म्हणाला. "मी काढले, द्यायलाही दिले. ते आत गेले नाहीत हे फक्त नशीब. माझं नाव झालंय, ते तसंच राहू दे."

"नोकरी जाईल तुझी."

"दुसरी बघेन. त्यांचा चेहरा बघितलास ना तू?"

बघितला होता. त्याच चेहऱ्यासाठी मी ती पिशवी बंद केली आणि हो म्हटलं. दवाखान्यात जाईपर्यंत मी मनात घोकत होते, पुढच्या वर्षी काहीतरी कारण काढू, तिला आजारपणाचं निमित्त सांगू, खणू देणार नाही. खोटं एकदा बोललं की सांभाळावं लागतं, आणि मला ते नीट जमत नाही.

मावशी पलंगावर होती, रंग उडालेला, पण डोळे उघडे. यंत्रावर नाडी चालत होती, संथ पण सरळ. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र इथं ठेवू, धोका टळला. मला रडू फुटलं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवून रडले, आणि ती वरून म्हणाली, "झालं असेल तर पाणी दे."

मी पाणी दिलं.

"मास्तर कुठाय?"

"बाहेर बसलाय. डॅनफोर्थबाईही आहेत."

"काय म्हणते ती?"

"काही नाही."

"जोनेल."

"नोकरीवरून काढतायत त्याला."

तिने पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "त्याचे सगळे कांदे भट्टीत गेले होते?"

"हो."

"कुणी घातले?"

"एल्रॉयने."

"मी पानं रचत असताना."

"हो."

"एल्रॉयने," ती पुन्हा म्हणाली. "माझ्या भट्टीत. मला न विचारता."

मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि पांघरूण सारखं करायला लागले. तिने मान तिरकी केली आणि माझ्याकडे बघितलं, बराच वेळ. मी भिंतीकडे बघत राहिले. बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं.

"त्याने घातलेच नाहीत ना?" ती म्हणाली.

"मावशी, ग्रॅहम स्वतःहून म्हणतोय. राहू दे ना. कुणाला काही झालं नाही, तू बरी आहेस. आम्ही तिघंच आहोत, कुणाला कळणार नाही."

"मला कळलं की."

तिने पांघरुणावरचे हात उलटेसुलटे करून बघितले. नखांत अजून माती होती. मला वाटलं ती रडेल. ती नाही रडली.

"पोरगा चांगला आहे म्हणून माझं विष त्याच्या डोक्यावर ओतू?" ती म्हणाली. "त्या बाईला बोलव आत."

"मावशी, नको गं."

"बोलव. डोळे माझे गेलेत, तर मीच सांगते. आणि ही उशी वर कर जरा. पडल्या पडल्या नाही सांगणार."

मी तिला खांद्यांना धरून बसतं केलं. पाठीशी उशी लावली, हनुवटी पुसली, केस मागे घेतले. मग दार उघडून मिसेस डॅनफोर्थना आत बोलावलं.